कायद्याच्या परीक्षेतील ‘प्रॉब्लेम’: समस्याप्रश्नाच्या उत्तराची बांधणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मराठी माध्यमात बारावीपर्यंत शिकून कायद्याच्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांच्या सराववह्या मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. करार कायद्याची कलमे ज्याला क्रमाने पाठ आहेत, त्याला दीर्घोत्तरी प्रश्नात चांगले गुण पडतात. परंतु एखादा प्रसंग सांगून ‘निर्णय द्या’ असे विचारणाऱ्या प्रश्नात, ज्याला सगळेच ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, तोच विद्यार्थी सहापैकी दोन-अडीच गुणांवर थांबतो. याचे कारण अभ्यासाची कमतरता नसते. तो पानभर कायदा लिहितो आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून अ जबाबदार आहे’ असे म्हणून मोकळा होतो. प्रसंगातली कोणती गोष्ट कलमातल्या कोणत्या शब्दाला जाऊन भिडते, हे त्या दोहोंच्या मधे कुठेच लिहिलेले नसते, आणि परीक्षक गुण देण्यासाठी नेमका तोच परिच्छेद शोधत असतो. पुढील सर्व विवेचन त्या एका परिच्छेदासाठी आहे.

हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाच्या 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पाच घटक असतात आणि प्रत्येक घटकातून 10 गुणांचा एक दीर्घोत्तरी प्रश्न व 6 गुणांची एक टीप किंवा समस्या सोडवावी लागते. तीन तासांची 180 मिनिटे 80 गुणांत वाटली, तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात आणि सहा गुणांच्या समस्येला साडेतेरा मिनिटे मिळतात. टीप आणि समस्या यांत निवड असेल, तेव्हा बरेच विद्यार्थी भीतीने टीप घेतात. माझे मत उलट आहे. टिपेत किती लिहिले म्हणजे पुरे झाले हे कळत नाही, तर समस्येला निश्चित शेवट असतो. कलमाचे घटक माहीत असतील, तर समस्याच घ्यावी.

शेवटची ओळ आधी वाचा

समस्या हातात आली की प्रथम तिचे शेवटचे वाक्य वाचावे, कारण काय विचारले आहे ते तिथेच असते. ‘निर्णय द्या’, ‘ब ला काय सल्ला द्याल’, ‘अ ने कोणता गुन्हा केला’ आणि ‘अ चा बचाव टिकेल काय’ या चार प्रश्नांची उत्तरे एकाच प्रसंगावर वेगवेगळी होतात. सल्ला मागितला असेल, तर ब च्या बाजूने उभे राहून त्याच्या अडचणीही सांगाव्या लागतात. बचाव विचारला असेल, तर तेवढ्याच बचावाचा निकाल लावायचा असतो.

पुढची समस्या मी सरावासाठी बनवली आहे आणि तीच शेवटपर्यंत सोडवून दाखवणार आहे.

‘अ’ हा संकेश्वर येथील मिरचीचा व्यापारी आहे. गडहिंग्लजच्या ‘ब’ने सोमवारी सकाळी त्याला फोन करून 100 पोती मिरची ठरावीक दराने शुक्रवारपर्यंत गडहिंग्लजला पोहोचवण्याची मागणी केली. ‘अ’ म्हणाला, ‘संध्याकाळी कळवतो.’ त्या संध्याकाळी ‘अ’ने संकेश्वरहून फोन करून ‘तुमचा दर मान्य आहे, शुक्रवारी माल पोहोचेल’ असे सांगितले आणि ‘ब’ने ते स्पष्ट ऐकले. बुधवारी बाजारभाव चढल्यावर ‘अ’ने माल देण्यास नकार दिला. ‘ब’ने गडहिंग्लजच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला आहे. करार संकेश्वरला झाल्यामुळे त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही, असा ‘अ’चा बचाव आहे. हा बचाव टिकेल काय?

ही समस्या मी वर्गात दिली की अर्ध्याहून अधिक वह्यांत करारभंग आणि नुकसानभरपाई यांवर दोन पाने येतात, कारण ‘भाव चढला’ आणि ‘नकार दिला’ हे शब्द डोळ्यांत भरतात. विचारले आहे ते केवळ अधिकारक्षेत्राविषयी. करार कायद्यातले भरपाईचे कलम 73 कितीही बिनचूक लिहिले, तरी त्याला या प्रश्नात जागा नाही.

प्रसंगाचा कच्चा आराखडा

उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, नंतर रेघ मारून खोडता येईल असा, दोन मिनिटांचा आराखडा काढावा. व्यक्ती, स्थळ, वेळ आणि उच्चारलेले शब्द या चार गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. वरच्या प्रसंगात तो असा होईल: सोमवार सकाळ, ब (गडहिंग्लज) विचारतो, अ (संकेश्वर) ‘कळवतो’ म्हणतो, सोमवार संध्याकाळ, अ संकेश्वरहून बोलतो, ब गडहिंग्लजला ऐकतो, माल पोहोचायचा तो गडहिंग्लजला, बुधवारी नकार.

हा आराखडा मराठीत काढायला काहीच हरकत नाही, किंबहुना तो मराठीतच काढावा. उत्तर संपूर्ण इंग्रजीत किंवा संपूर्ण कन्नडमध्ये लिहावे अशी सूचना प्रश्नपत्रिकेवर असते, त्यामुळे आपले विद्यार्थी विचारही परक्या भाषेत करू पाहतात आणि प्रसंग पुरता समजण्याआधीच वाक्यरचनेच्या चिंतेत पडतात. आधी कोणी कोणाला काय म्हटले हे घरच्या भाषेत स्वच्छ दिसू द्यावे; लिहिण्याची भाषा त्यानंतर येते.

प्रसंगात तारीख दिली असेल, तर तिच्याखाली रेघ ओढावी. फौजदारी विषयात हे आता फार महत्त्वाचे झाले आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि 1860 च्या दंड संहितेची जागा तिने घेतली. पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्याला जुनाच कायदा लागतो. समस्येत मार्च 2024 असे लिहिले असेल आणि विद्यार्थ्याने नव्या संहितेचे कलम लावले, तर पुढचे सगळे बरोबर असूनही पाया चुकतो.

मुद्दा एका वाक्यात

मुद्दा लिहिताना कायद्याचा शब्द आणि प्रसंगातली गोष्ट, दोन्ही एकाच वाक्यात यायला हवीत. ‘अधिकारक्षेत्र आहे काय?’ एवढेच लिहिले, तर ते कोणत्याही दाव्याला लागू पडेल. ‘संकेश्वरहून दूरध्वनीवर उच्चारलेली आणि गडहिंग्लजला ऐकली गेलेली स्वीकृती कोणत्या ठिकाणी पूर्ण झाली, आणि त्यामुळे दाव्याचे कारण गडहिंग्लजच्या न्यायालयाच्या हद्दीत अंशतः तरी उद्भवले काय?’ हे वाक्य फक्त याच प्रसंगाचे आहे. असा मुद्दा लिहिला की पुढचे उत्तर कुठे जाणार हे परीक्षकाला आणि स्वतःलाही कळते. सहा गुणांच्या उत्तरात एक किंवा फार तर दोन मुद्दे पुरतात.

नियम: लागेल तेवढाच

नियमाचा परिच्छेद चार-पाच ओळींचा असावा. त्यात कलम, त्याचे घटक आणि एखादा निवाडा, एवढेच. आपल्या प्रसंगासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 चे कलम 20 लागते. प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, अथवा दाव्याचे कारण (ज्या घटनांवर दावा उभा असतो त्या) जिथे पूर्णतः किंवा अंशतः उद्भवते तिथे, दावा दाखल करता येतो. त्याच्या जोडीला भारतीय करार कायदा 1872 चे कलम 7 (स्वीकृती निरपवाद असली पाहिजे) आणि स्वीकृती कळवणे केव्हा पूर्ण होते हे सांगणारे कलम 4 येते. निवाडा म्हणून भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास (1966) हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय द्यावा. त्या खटल्यात अहमदाबादच्या पक्षाने खामगावच्या पक्षाला दूरध्वनीवरून सरकी पेंडीच्या खरेदीचा प्रस्ताव दिला होता आणि खामगावहून तो दूरध्वनीवरच स्वीकारला गेला. टपालाला लागणारा नियम (स्वीकृतीचे पत्र जिथे टपालात टाकले तिथे करार होतो) दूरध्वनीला लागत नाही, स्वीकृती जिथे ऐकली गेली तिथे करार होतो, म्हणून करार अहमदाबादला झाला, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले.

निवाड्याचे नाव आठवले नाही, तर ते रचू नये. ‘खामगाव आणि अहमदाबाद यांच्यातील दूरध्वनीवरील सौद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले’ असे लिहिले, तरी विद्यार्थ्याला तत्त्व आणि त्याची पार्श्वभूमी माहीत आहे हे दिसते. खोटे नाव दिले की परीक्षकाचा बाकीच्या उत्तरावरचाही विश्वास उडतो. कलमाच्या क्रमांकाबद्दल शंका असेल, तर क्रमांक गाळून कलमाचे शब्द अचूक लिहावेत.

लागू करण्याचा परिच्छेद

अर्धा वेळ इथे द्यावा. साडेतेरा मिनिटांतली दोन आराखड्याला, तीन मुद्दा व नियमाला गेली, तर उरलेल्यांतली सहा-सात मिनिटे या परिच्छेदाची आहेत. लिहिण्याची रीत अशी: नियमातला एकेक घटक घ्यावा, त्याच्यासमोर प्रसंगातली नेमकी गोष्ट ठेवावी, आणि दोहोंना ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’ या शब्दाने जोडावे. हा जोडणारा शब्द ज्या वाक्यात नाही, ते वाक्य बहुधा नियमाची किंवा प्रसंगाची नुसती पुनरुक्ती असते. विद्यार्थ्यांना मी सराववहीत हे शब्द लाल पेनाने अधोरेखित करायला सांगतो. पानावर लाल रेघा दिसल्या नाहीत, तर उत्तर पुन्हा लिहायचे.

मिरचीच्या प्रसंगाचा हा परिच्छेद मी असा लिहीन:

‘प्रस्तावक ब आहे, कारण सोमवारी सकाळी दर, परिमाण आणि मुदत सांगून मागणी त्याने केली. अ चे “संध्याकाळी कळवतो” हे उत्तर स्वीकृती नाही आणि प्रतिप्रस्तावही नाही, कारण त्यात त्याने कोणतीही अट बदलली नाही. त्यामुळे ब चा प्रस्ताव संध्याकाळपर्यंत खुला राहिला. संध्याकाळचे “तुमचा दर मान्य आहे, शुक्रवारी माल पोहोचेल” हे शब्द निरपवाद स्वीकृती ठरतात, कारण ब ने मागितलेला दर आणि मुदत त्यात जशीच्या तशी मान्य केली आहे. ही स्वीकृती दूरध्वनीवरून दिलेली असल्यामुळे तिला टपालाचा नियम लागत नाही, आणि केडिया खटल्यातील निर्णयानुसार ती ऐकली गेली तिथे, म्हणजे गडहिंग्लजला, करार झाला. अ संकेश्वरहून बोलत होता ही गोष्ट त्यामुळे निर्णायक ठरत नाही. शिवाय, करार संकेश्वरला झाला असे क्षणभर मानले, तरी माल गडहिंग्लजला पोहोचवायचा होता. कराराची पूर्तता तिथे व्हायची असल्यामुळे दाव्याच्या कारणाचा एक भाग तिथेच उद्भवतो.’

या परिच्छेदातले शेवटचे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांकडून सुटते. प्रश्नात ‘गडहिंग्लजला पोहोचवण्याची’ हे दोन शब्द विनाकारण घातलेले नाहीत. आपला पहिला युक्तिवाद पडला तरी दुसरा उभा राहतो हे दाखवण्याची ती जागा आहे, आणि पूर्ततेचे ठिकाणही दाव्याच्या कारणाचा भाग असते हे ए.बी.सी. लॅमिनार्ट खटल्यात (1989) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. प्रसंगातली एखादी गोष्ट आपल्या उत्तरात कुठेच वापरली गेली नसेल, तर ती का दिली असावी हे थांबून पाहावे. कधी ती दिशाभूल करण्यासाठी असते, जसा इथला चढलेला भाव. कधी तीच उत्तराचा दुसरा आधार असते.

विरुद्ध बाजूला तिचे सर्वांत बळकट म्हणणे मांडू द्यावे. स्वीकृती संकेश्वरला उच्चारली गेली, बोलणारा तिथे होता, हे अ चे म्हणणे तर्काला अगदीच सोडून नाही. केडिया खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत दिले होते. एवढी एक ओळ लिहून बहुमताचा निर्णय बंधनकारक आहे असे म्हटले, की उत्तरात न्यायबुद्धी दिसते.

निष्कर्ष मग दोन ओळींत संपवावा. ‘बचाव टिकणार नाही, गडहिंग्लजच्या न्यायालयाला कलम 20 अन्वये अधिकारक्षेत्र आहे.’ इथे नवा कायदा आणू नये आणि ‘न्यायालय योग्य तो निर्णय देईल’ असे लिहू नये. निर्णय तुमच्याकडूनच मागितला आहे.

मराठीतून येताना घसरणाऱ्या जागा

काही चुका केवळ आपल्या भाषेच्या सवयीमुळे होतात आणि म्हणून त्या आपल्यालाच दुरुस्त कराव्या लागतात. व्यवहारात आपण ‘करार रद्द’ असे सरसकट म्हणतो. कायद्यात मात्र करार शून्य असणे आणि शून्यकरणीय असणे यांत मोठे अंतर आहे. अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीचा, करार मुळातच शून्य असतो (मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, 1903), तर धाकाने संमती मिळवलेला करार ज्याची संमती घेतली त्याच्या इच्छेवर टिकतो किंवा मोडतो. मनात ‘रद्द’ हा एकच शब्द असेल, तर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहितानाही हा फरक पुसला जातो.

तसेच ‘संमती’ आणि ‘स्वीकृती’ यांचे. दुसऱ्याच्या प्रस्तावाला होकार देणे ही स्वीकृती. तो होकार मोकळ्या मनाने, धाक, फसवणूक किंवा चूक यांविना दिला गेला काय, हा संमतीचा प्रश्न. फौजदारी कायद्यात ‘हेतू’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कोणी भुकेल्या मुलासाठी भाकरी चोरली, तर मुलाला खाऊ घालणे हा त्याचा हेतू आणि दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू अप्रामाणिकपणे घेणे हा त्याचा उद्देश. गुन्हा ठरतो तो उद्देशावरून. या जोड्यांची एक यादी प्रत्येकाने स्वतःच्या वहीत, तिन्ही भाषांत, तयार करावी.

सर्वांत जास्त घोळ ‘मालकी’ आणि ‘ताबा’ यांत होतो. खानापूरच्या एका गॅरेजमध्ये अ ने मोटारसायकल दुरुस्तीला दिली. दुरुस्तीचे पैसे न देता तो रात्री दुसऱ्या किल्लीने ती घेऊन गेला. चोरी झाली काय? ‘स्वतःची वस्तू कोणी चोरत नाही’ असे वर्गातून एकमुखाने उत्तर येते. आता घटक मांडून पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीला जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याच्या संमतीचा अभाव, वस्तू हलवणे आणि अप्रामाणिक उद्देश लागतो. मालकीचा शब्द व्याख्येत नाही. करार कायद्याच्या कलम 170 नुसार दुरुस्ती करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क आहे, त्यामुळे गाडी त्याच्या कायदेशीर ताब्यात होती. अ ने ती हलवली, गॅरेजवाल्याची संमती नव्हती, आणि उद्देश त्याचे तारण बुडवण्याचा होता, त्यामुळे त्याचे सदोष, म्हणजे बेकायदा मार्गाने होणारे, नुकसान होते. म्हणून चोरी झाली. पैसे आधीच चुकते केले असते, तर अडवून ठेवण्याचा हक्कच उरला नसता, अप्रामाणिक उद्देशाचा घटक पडला असता आणि उत्तर उलटले असते.

सराव कुठून करावा

हे उदाहरण मला कायद्याच्या मजकुरातूनच सुचले. चोरीच्या कलमाखाली घड्याळजीचे दृष्टांत आहेत: एकात मालकाचे काही देणे नसते आणि तो दुकानात शिरून उघडपणे आपले घड्याळ हिसकावून नेतो, तेव्हा चोरी होत नाही, दुसऱ्यात दुरुस्तीचे देणे असते आणि घड्याळजीने ते तारण म्हणून ठेवलेले असते, तेव्हा होते. करार कायदा आणि दंड संहिता या दोहोंचे मसुदे करणाऱ्यांनी कलमांखाली असे दृष्टांत भरपूर घातले, आणि न्याय संहितेतही ते मोठ्या प्रमाणावर टिकले आहेत. विद्यार्थी ते वगळून पुढे जातात. माझ्या मते समस्याप्रश्नांचा याहून चांगला आणि फुकट मिळणारा संच दुसरा नाही.

दृष्टांताचा पूर्वार्ध वाचावा, उत्तरार्ध पोस्टकार्डाने झाकावा, आणि चार ओळींत मुद्दा, घटक, जोडणी व निष्कर्ष लिहून मग पोस्टकार्ड उचलावे. करार कायद्याच्या कलम 5 खालच्या दृष्टांतापासून सुरुवात करावी: अ टपालाने घर विकण्याचा प्रस्ताव पाठवतो, ब टपालाने स्वीकारतो, कोण केव्हापर्यंत माघार घेऊ शकतो? ब ने स्वीकृतीचे पत्र टपालात टाकेपर्यंत अ, आणि ते पत्र अ ला पोहोचेपर्यंत ब. उत्तर जुळले, की प्रसंगातली एक गोष्ट स्वतः बदलावी, पत्राऐवजी फोन करावा किंवा देणे चुकते करावे, आणि पुन्हा लिहावे. दिवसाला दोन दृष्टांत, घड्याळ लावून, हे सत्राच्या पहिल्या महिन्यापासून केले, तर परीक्षेपर्यंत हात वळलेला असतो.

परीक्षेत वेळ संपत आलीच आणि शेवटची समस्या उरली, तर नियमाचा परिच्छेद सोडून द्यावा. मुद्दा एका वाक्यात लिहून थेट लागू करायला घ्यावे, कलमाचे शब्द त्या वाक्यांतच गुंफावेत, आणि शेवटच्या मिनिटात एका ओळीचा निष्कर्ष खाली लिहून त्याला अधोरेखित करावे.